जॉन वुलमन : माउंट हॉलीचा शिंपी

अंकगणिताच्या तासाला व्याजाचीं उदाहरणें आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून सोडवून घेत आलों आहों. मुद्दल इतकें, दर इतका, मुदत इतकी. तर रास किती? उत्तर बरोबर आलें कीं गुण मिळतात. तें मुद्दल कोणत्या धंद्यांत गुंतलें होतें आणि व्याज कोणाच्या घामांतून निघालें, हा प्रश्न पुस्तकांत नसतो. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही तो कधीं घातला नव्हता. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें तो आपण होऊन विचारला. मंडळीच्या दानपेटींत पडणारा पैसा कोठून येतो, आणि मंडळी आपली शिल्लक कोठें गुंतविते, याची चौकशी कोणी करतें काय, असा त्याचा सवाल होता. आम्हीं त्या वेळीं त्यास जें उत्तर दिलें तें त्याला पटलें नाहीं, व घरीं गेल्यावर आम्हांसही पटलें नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं, आणि त्याच्यासारखे प्रश्न पडणाऱ्या इतर वाचकांसाठीं, अडीचशें वर्षांपूर्वीं निवर्तलेल्या एका शिंप्याचें चरित्र येथें देत आहों.

जॉन वुलमन याचा जन्म इ. स. १७२० च्या आक्टोबर महिन्यांत, अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत, रँकोकस नांवाच्या लहानशा नदीच्या काठीं झाला. त्या काळीं तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखालीं होता. आईबाप शेतकरी असून क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक आपल्यास मित्र म्हणवितात. त्यांच्यांत पगारी पाळक नसे. उपासनेस सारे जण स्तब्ध बसत आणि ज्यास आंतून प्रेरणा होई तो उठून बोले. शपथ घ्यावयाची नाहीं, लढाईंत जावयाचें नाहीं, पेहेराव साधा ठेवावयाचा, असे त्यांचे नियम होते. इतके सोवळे लोक, पण गुलाम बाळगण्यास त्यांच्यांतील पुष्कळांस दिक्कत वाटत नसे. इ. स. १६८८ मध्यें जर्मनटाउन गांवच्या चार मित्रांनीं गुलामगिरीविरुद्ध एक लेखी अर्ज केला होता. वरिष्ठ सभांनीं तो एकीकडून दुसरीकडे पाठविला आणि शेवटीं बासनांत बांधून ठेवला. सभांचा हा स्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो.

वुलमनच्या बालपणाची एक गोष्ट त्यानेंच आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. शेजाऱ्याच्या घरीं जात असतां त्यास घरट्यावर बसलेली एक रॉबिन पक्षीण दिसली. ती उडाली आणि पिलांच्या काळजीनें भोंवतीं घिरट्या घालूं लागली. यानें दगड मारण्यास आरंभ केला व एक दगड लागून ती मेली. प्रथम त्यास आपल्या नेमाचा आनंद वाटला. क्षणभरानें मात्र त्याच्या अंगावर कांटा उभा राहिला, कारण पिलें आतां उपाशीं मरणार होतीं. त्यानें पुष्कळ विचार केला, झाडावर चढला आणि तीं पिलेंही मारून टाकलीं. झुरून मरण्यापेक्षां तें बरें असें त्यास वाटलें. पुढें कित्येक तास त्यास दुसरें कांहीं सुचेना. ही गोष्ट आम्हीं येथें मुद्दाम दिली आहे. एक वाईट कृत्य आपल्यामागें दुसरें ओढून आणतें व करणारास तें दयेचें वाटतें, हा अनुभव त्यास फार लहानपणीं आला.

एकविसाव्या वर्षीं तो जवळच्या माउंट हॉली गांवीं एका दुकानदाराकडे नोकरीस राहिला. हिशेब ठेवणें, गिऱ्हाईक पाहणें, कागदपत्र लिहिणें हें त्याचें काम. त्याचें अक्षर सुवाच्य होतें व कायदेशीर दस्तऐवज लिहिण्यांत त्याचा हात बसला होता. एके दिवशीं मालकानें आपली एक आफ्रिकन गुलाम स्त्री विकली, आणि विक्रीखत लिहून दे असें वुलमनला सांगितलें. घेणारा गृहस्थ दाराशीं थांबला होता. तो वयोवृद्ध असून वुलमनच्याच मंडळींतला होता. नोकर मनुष्य, मालकाचा हुकूम, समोर म्हातारे मित्र. विचार करण्यास सवड नव्हती. वुलमननें तें खत लिहिलें. मात्र लिहितांना त्याचा जीव इतका कासावीस झाला कीं, मालकासमोर व त्या म्हाताऱ्यासमोर त्यानें बोलून दाखविलें, कीं गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें आपणांस वाटतें. त्या बाईचें पुढें काय झालें हें त्यानें लिहिलेलें नाहीं. ती विकली गेली एवढें खरें.

कांहीं काळानें मंडळींतल्याच एका तरुणानें तशाच खतासाठीं त्यास गळ घातली, तेव्हां त्यानें साफ नकार दिला. त्या तरुणानेंही कबूल केलें कीं, ही गोष्ट आपल्याही मनास रुचत नाहीं, परंतु हा गुलाम बायकोला देणगी म्हणून मिळाला आहे. चांगल्या माणसांची अडचण बहुधा अशीच असते. मालमत्ता आपण होऊन मागितलेली नसते; ती वारशानें, आंदणानें किंवा एखाद्या देणगीच्या रूपानें घरांत आलेली असते, आणि मग ती टाकून देणें कृतघ्नपणाचें वाटतें.

वुलमन पुढें शिवणकाम शिकला व स्वतःचें दुकान त्यानें थाटलें. इ. स. १७४९ त सारा एलिस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. दुकान चाललें, इतकें चाललें कीं त्याचीच त्यास भीति वाटूं लागली. लोक उधारीवर ऐपतीबाहेरचा माल नेत, आणि पुढें कर्ज फेडतांना त्यांची तारांबळ उडे. मोठ्या व्यापाराची वाट समोर मोकळी असतां इ. स. १७५६ च्या सुमारास त्यानें गिऱ्हाइकांस आगाऊ सांगून ठेविलें, कीं आपण दुकानदारी सोडणार, तरी त्यांनीं दुसरें दुकान पाहावें. नंतर तो शिवणकामावर आणि सफरचंदांच्या रोपांच्या लहानशा बागेवर निर्वाह करूं लागला. चालतें दुकान बंद करणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत अद्यापि आलेला नाहीं. पाठकांपैकीं कोणाच्या पाहण्यांत आला असल्यास तें भाग्य समजावें.

दस्तऐवज लिहून मिळणारे पैसे हें त्याचें एक बऱ्यापैकीं उत्पन्न होतें. तेंही त्यानें अर्धेंमुर्धें गमावलें, कारण ज्या मृत्युपत्रांत गुलाम मुलांच्या नांवें करून द्यावयाचे असत, तें लिहिण्यास तो तयार नसे. एकदां एक शेजारी जबर जखमी होऊन अंथरुणास खिळला होता. वुलमननें त्याचें मृत्युपत्र लिहिलें, पण तरुण गुलामाविषयींचें कलम तेवढें गाळलें. मग खाटेशेजारीं बसून तें वाचून दाखविलें, लिहिणावळ घेणार नाहीं असें सांगितलें, आणि राहिलेलें कलम आपल्या हातून लिहवणार नाहीं हेंही नम्रपणें कळविलें. दोघांचें पुष्कळ वेळ बोलणें झालें. शेवटीं त्या शेजाऱ्यानें त्या गुलाम मुलीला मुक्त करण्याचें कबूल केलें, तेव्हां मृत्युपत्र पुरें झालें.

इ. स. १७४६ मध्यें तो एका सोबत्याबरोबर मेरीलँड, व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलिना या दक्षिणेच्या मुलखांतून सुमारें पंधराशें मैल हिंडला. ज्या घरीं उतरावें तेथें आफ्रिकन गुलामांनीं पाणी आणावें, घोड्यास दाणा घालावा, अन्न शिजवावें. आपण फुकट पाहुणचार घेतों तो कोणाकडून घेतों, असा प्रश्न त्यास पडला. त्या प्रवासावरून आल्यावर त्यानें गुलामगिरीवर एक निबंध लिहिला, पण तो छापण्याची घाई केली नाहीं. इ. स. १७५० मध्यें बाप मृत्युशय्येवर असतां त्यानें त्या हस्तलिखिताची आठवण काढून मुलास उत्तेजन दिलें. मग तो निबंध १७५४ त प्रसिद्ध झाला. इ. स. १७५७ त पुन्हां दक्षिणेस जातांना त्यानें बारीक चांदीचीं नाणीं बरोबर घेतलीं. निघण्याच्या वेळीं तो कांहीं नाणीं गुलामांच्या हातीं देई, किंवा घरधन्याजवळ देऊन त्यांस द्यावयास सांगे. यजमानास हें अपमानाचें वाटेल हें त्यास कळत होतें, व हें करतांना त्याची छाती धडधडत असे असें तो प्रांजळपणें लिहितो. तो भांडखोर नव्हता. त्याच्याच काळीं बेंजामिन ले नांवाचा एक कुबडा, उग्र क्वेकर भर सभेंत मोठमोठ्यानें निषेध करी, आणि लोक त्यास उचलून बाहेर नेत. दोघांचें म्हणणें एकच. पण वुलमनला कोणी बाहेर काढूं शकलें नाहीं, कारण तो दारीं आलेल्या पाहुण्यासारखा बोले.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें जें मर्म, त्या प्रसंगाकडे वळूं. इ. स. १७५८ त फिलाडेल्फिया येथें क्वेकरांची वार्षिक महासभा भरली. फिलाडेल्फियाचे मित्र तोंपर्यंत चांगलेच सधन झाले होते. त्यांच्यांतले कित्येक व्यापारी वेस्ट इंडीज बेटांशीं साखर, काकवी व रम यांचा व्यापार करीत, आणि तो सारा माल गुलामांच्या श्रमाचा होता. गुलामांच्या प्रश्नावर चर्चा निघाली. गुलामगिरीचें उघड समर्थन कोणी केलें नाहीं. पुष्कळ जणांचें म्हणणें एवढेंच, कीं घाई करूं नये; देव आपल्या वेळीं मार्ग दाखवील. वुलमन बराच वेळ गप्प बसून होता. मग तो उठला व म्हणाला, कीं या लोकांचा आक्रोश देवाच्या कानांपर्यंत पोंचला आहे, आणि आपण कांहीं माणसांच्या खाजगी फायद्याकडे किंवा मैत्रीकडे पाहून कर्तव्य टाळीत राहिलों, तर न्याय भयंकर रीतीनें आपल्यापुढें उभा राहील. सभा हलली. ठराव असा झाला कीं, यापुढें जो मित्र गुलाम विकत घेईल किंवा विकील त्यास मंडळीच्या कारभाराच्या सभांत बसूं देऊं नये, मंडळीचें काम सांगूं नये, आणि गरिबांच्या मदतीसाठीं किंवा मंडळीच्या इतर कार्यासाठीं त्याची वर्गणी घेऊं नये.

या शेवटल्या कलमापाशीं आम्ही थोडें थांबतों. मंडळीनें पापी मनुष्यास उपासनेंतून घालविलें नाहीं. त्याचा पैसा मात्र परत केला. याविरुद्ध जो आक्षेप त्या काळीं कोणाच्याही मनांत आला असेल तो आजही येतो: पैशास वास नसतो, आणि आपण तो नाकारला तर उपाशी विधवेच्या चुलींत काय घालावें? आक्षेप पोकळ नाहीं. शाळा, दवाखाने, अनाथगृहें चालविणाऱ्या आम्हां मिशनच्या लोकांस तर तो फारच ओळखीचा आहे. परंतु वर्गणी घेतली म्हणजे वर्गणीदाराच्या धंद्याविषयीं बोलणें अवघड होतें, हें कोणतीही कमिटी चालविणारास ठाऊक आहे. महासभेनें आपलें तोंड मोकळें करून घेतलें, त्यासाठीं कांहीं थैल्या परत कराव्या लागल्या. हा सौदा आमच्या मतें महाग नव्हता. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे: ज्यांच्याजवळ आधींपासून गुलाम होते त्यांस या ठरावानें अजून हात लावला नव्हता. त्यांच्या घरोघरीं जाऊन बोलण्यासाठीं एक समिति नेमली गेली. वुलमन तिच्यांत होता, व त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं पुढें कित्येक वर्षें हें कष्टाचें काम केलें. गुलाम बाळगणारास मंडळींतून काढावें हा ठराव होण्यास इ. स. १७७६ साल उजाडलें. तोंवर वुलमन जिवंत नव्हता.

मंडळीस त्यानें जें सांगितलें तें स्वतःस अधिक कडकपणें लावलें. रंगविलेलें कापड वापरणें त्यानें हळूहळू सोडलें. रंग मळ झांकतो व तो निष्कारण खर्च आहे असें त्याचें मत होतें. इ. स. १७६२ च्या सुमारास तो बिनरंगी टोपी घालूं लागला, आणि योगायोगानें तशीच टोपी त्या वेळीं शौकिनांतही निघाली होती, म्हणून कांहीं मित्रांस तो नखरा वाटला. या टोपीच्या प्रकरणाचें आम्हांस हसूं येतें, तें आम्ही लपवीत नाहीं. पण पुढील दोन हिशेब वाचतांना हसूं मावळतें.

पहिला असा. दुकान असतांना त्यानें रम, साखर व काकवी किरकोळीनें विकली होती. तेव्हां त्याचें त्यास कांहीं वाटलें नव्हतें. पुढें वाटूं लागलें, तेव्हां त्या व्यापारांतला थोडका नफा आपला नव्हे, तो सत्कार्यांत घातला पाहिजे, असें त्यानें ठरविलें, आणि बार्बेडोस बेटावर जाऊन तेथील लोकांस भेटावें असा विचार त्यांतूनच निघाला. इ. स. १७६९ त तो निघण्याच्या बेतांत असतां दुसरी शंका आली. जहाजाचें भाडें इतकें स्वस्त कां? परतीच्या फेरींत गुलामांच्या श्रमाचा माल भरून येतो म्हणून. म्हणजे त्या स्वस्ताईंतही आपला वांटा आहे. तो प्रवास अखेर घडला नाहीं.

दुसरा हिशेब तर आमच्या अंकगणिताच्या वहींत घालण्यासारखा आहे. पूर्वीं एका मयताच्या मालमत्तेची व्यवस्था त्याच्याकडे व दुसऱ्या एका मित्राकडे आली होती. त्यांत एक आफ्रिकन मुलगा होता. दोघांनीं त्यास तीस वर्षांच्या वयापर्यंत चाकरी करण्याच्या अटीवर विकलें आणि पैसे मालमत्तेंत जमा केले. पुढें वुलमनला हें सलूं लागलें. इतर मुलें एकविसाव्या वर्षीं मोकळीं होतात. मग या मुलाकडून नऊ वर्षें जास्त घेतलीं गेलीं. व्यवस्थापक दोघे, म्हणून आपला वांटा साडेचार वर्षांचा. त्यानें रोखा लिहून दिला, कीं त्या मुलाच्या चाकरीच्या शेवटल्या साडेचार वर्षांची वाजवी किंमत आपण किंवा आपल्या मागें आपले व्यवस्थापक त्याच्या धन्यास भरून देतील. ज्या हातानें पहिलें विक्रीखत लिहिलें होतें त्याच हातानें हा रोखा लिहिला गेला.

त्याच काळीं मोठ्या संस्था काय करीत होत्या हेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील सुवार्ताप्रसारक मंडळीस इ. स. १७१० त क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याच्या मृत्युपत्रानें बार्बेडोसमधील उसाचे दोन मळे गुलामांसह मिळाले होते. तीही देणगीच. मंडळीनें ते मळे चालविले, आणि कांहीं काळ तेथील गुलामांच्या छातीवर मंडळीच्या नांवाचा डाग देण्यांत येत असे. त्याबद्दल चर्च ऑफ इंग्लंडनें क्षमा मागितली ती इ. स. २००६ मध्यें. गरीब पाळकांसाठीं १७०४ त स्थापन झालेल्या राणी ॲनच्या निधीचा पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनींत गुंतला होता, म्हणून त्याच चर्चच्या विश्वस्तांनीं २०२३ सालीं दहा कोटी पौंडांचा निधि उभारण्याचें जाहीर केलें. मधल्या काळांत, दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचें राज्य असतां, जागतिक ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेनें इ. स. १९७२ च्या आगस्ट महिन्यांत यूट्रेक्ट येथें असा निर्णय केला, कीं त्या देशांत धंदा करणाऱ्या कंपन्यांतील आपली गुंतवणूक काढून घ्यावी. वुलमनच्या मृत्यूस त्या वर्षीं बरोबर दोनशें वर्षें होत होतीं. आपल्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ त गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेंतल्या ज्या सदाचारी लोकांस अर्पण केला, त्यांच्या चळवळीच्या मुळाशीं या शिंप्याचे व त्याच्या स्नेह्यांचे श्रम होते.

इ. स. १७७० च्या आरंभीं वुलमन फुफ्फुसाच्या दाहानें मरणोन्मुख झाला होता. त्या ग्लानींत त्यास एक दृश्य दिसलें, तें त्यानें अडीच वर्षांनीं लिहून ठेविलें. खाणींत कांहीं पीडित लोक ख्रिस्ती म्हणविणाऱ्या धन्यांसाठीं धन खणीत होते व ख्रिस्ताचें नांव घेऊन शिव्या देत होते. त्याला वाईट वाटलें. मग त्यास कळलें, कीं तुम्हांस राबविणारे हे ख्रिस्ताचे अनुयायी आहेत असें त्या लोकांस सांगण्यांत आलें होतें. आणि त्यांनीं आपसांत म्हटलें, कीं ख्रिस्तानें यांस असें वागावयास सांगितलें असेल तर ख्रिस्त क्रूर जुलमी असला पाहिजे. सुवार्ता सांगणाऱ्या आम्हां लोकांस याहून कठोर वाक्य आढळलेलें नाहीं. बरा झाल्यावर वुलमन चांदीच्या भांड्यांतून खाईना कीं पिईना.

इ. स. १७७२ च्या मे महिन्यांत तो इंग्लंडास निघाला. जहाजांतल्या वरच्या खोलीवर शोभेचें कोरीव काम होतें, त्या खर्चांत आपला पैसा पडूं नये म्हणून तो खलाशांजवळ खालच्या कोंदट जागेंत राहिला, व सुमारें पांच आठवडे त्या पोरांचे हाल पाहत गेला. लंडनहून उत्तरेकडे तो पायींच चालला. टपालगाड्या चोवीस तासांत शंभर मैलांवर पळत, घोडे पळून पळून मरत, आणि हिवाळ्यांत गाडीवरचे पोरगे गारठून मेल्याचेंही त्यानें ऐकलें. म्हणून तो त्या गाडींत बसेना, आणि आपणांस त्या टपालानें पत्र पाठवूं नये असें त्यानें मित्रांस कळविलें. वाटेनें तो बाजारभाव टिपीत गेला. मजुरास दिवसाला दहा पेन्स, आणि राय धान्य बुशेलास पांच शिलिंग. बारा पेन्सांचा एक शिलिंग. म्हणजे एका बुशेलासाठीं सहा दिवस राबावयाचें.

सप्टेंबर महिन्यांत तो यॉर्क शहरीं पोंचला आणि तेथें त्यास देवी आल्या. औषध देण्याची गोष्ट निघाली तेव्हां तो म्हणाला, कीं जें औषध जुलमाच्या हातांतून आलेलें नसेल तें आपण घेऊं. ता. ७ आक्टोबर १७७२ रोजीं तो वारला. बायको सारा व मुलगी मेरी समुद्रापलीकडे होत्या. त्यांस ही बातमी किती दिवसांनीं पोंचली असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्याच्या अशा जगण्याची पुष्कळशी किंमत त्या बाईनें एकटीनें भरली, हें त्याच्या चरित्रकारांच्या ध्यानांत क्वचितच येतें.

आपल्या दफनाची व्यवस्था त्यानें अगोदर सांगून ठेविली होती. पेटी ओकची नको, ॲशच्या लांकडाची करावी, कारण ओकचें लांकूड दुसऱ्या कामांस अधिक उपयोगी पडतें. प्रेतास स्वस्त फलालीन गुंडाळावें. पेटी, फलालीन आणि खड्डा खणण्याची मजुरी यांचा खर्च कोणावर पडूं नये, म्हणून आपल्या अंगावरचे बिनरंगी कपडे त्यानें त्या देण्यापोटीं नेमून दिले.